विजेला वेळ का लागतो?

भिंतीवरचे बटण दाबावे आणि दिवा उजळावा, या दोन घटनांच्या मध्ये कोणत्याही डोळ्याला अंतर दिसत नाही. त्यामुळे वीज ही जेथे सोडावी तेथून इष्ट ठिकाणी तत्क्षणी पोहोचते, असा समज चांगल्या सुशिक्षित माणसांतही रूढ झालेला असतो. ज्या मंडलात दिवा, तार व बटण एवढाच परिवार आहे, तेथे तो व्यवहारापुरता खराही ठरतो. परंतु १८५८ च्या ऑगस्ट महिन्यात अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या पहिल्या तारेतून इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेचे अध्यक्ष बुकॅनन यांना जो अभिनंदनाचा संदेश पाठविला, त्याची हकीकत निराळी आहे. संदेश अवघ्या ९८ शब्दांचा होता आणि तो पलीकडे पोहोचावयास सुमारे १६ तास लागले. म्हणजे एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटे! शाळेतला लहान मुलगाही पाटीवर याहून पुष्कळ जलद लिहील.

वीज तीच, तांब्याची तारही तीच. मग हा उशीर आला कोठून? या प्रश्नाच्या उत्तरावर त्या काळी साडेतीन लाख पौंडांचे भांडवल, अनेक माणसांची अब्रू आणि दोन खंडांतील दळणवळणाची आशा अवलंबून होती. उत्तर एका माणसाला ठाऊक होते. परंतु तारेच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती होत्या. ती कथा समजण्यासाठी आधी एका अगदी साध्या मंडलाची ओळख करून घेणे आवश्यक आहे. त्यात एक विद्युत् घट, एक रोधक आणि एक धारित्र एवढ्या तीनच वस्तू आहेत.

रोधक म्हणजे विजेच्या वाटेतील अरुंद खिंड. प्रवाहाला तो अडवून धरीत नाही, पण मोकळेपणाने जाऊही देत नाही. त्याचे माप ओहम या एककात देतात. जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम सांगतो की, रोधकाच्या दोन टोकांमधील दाबाला त्याच्या रोधाने भागले म्हणजे प्रवाह निघतो. दाब दुप्पट, तर प्रवाह दुप्पट. रोध दुप्पट, तर प्रवाह निम्मा.

धारित्र हे त्याहून विलक्षण. रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर याला कंडेन्सर म्हणतात, आणि छताच्या पंख्यातील कंडेन्सर गेला म्हणजे पंखा कसा कण्हत राहतो याचा अनुभव घरोघरी असतो. (पंख्याला मिळणारी वीज उलटसुलट वाहणारी असल्यामुळे तेथील कार्य वेगळे आहे, त्याचा विचार येथे नको.) धातूचे दोन पत्रे समोरासमोर ठेवावेत आणि त्यांच्या मध्ये काच, कागद किंवा नुसती हवा, म्हणजे वीज वाहू न देणारा एखादा निरोधक पदार्थ असावा, एवढीच त्याची रचना. अठराव्या शतकात, १७४५–४६ च्या सुमारास, पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट आणि हॉलंडमधील लायडन येथे मुशेनब्रुक यांना काचेच्या बरणीत वीज साठविता येते असा शोध स्वतंत्रपणे लागला. ती लायडनची बरणी म्हणजेच पहिले धारित्र. धारित्रात एक व्होल्ट दाबाला किती विद्युद्भार मावतो, यावरून त्याची धारकता ठरते. तिचे एकक फॅराड. ते व्यवहारात फारच मोठे पडते, म्हणून त्याच्या दशलक्षांश भागाला मायक्रोफॅराड म्हणून त्यानेच मोजण्याची पद्धत आहे.

आता कोणाच्याही मनात शंका येईल की, धारित्राच्या पोटात निरोधक आहे, म्हणजे वाट तुटलेलीच आहे. मग त्या मंडलातून प्रवाह वाहील कसा? शंका रास्त आहे. निरोधकाच्या आरपार विजेचा एक कणही जात नाही. परंतु घट एका पत्र्यावर ऋण भाराचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, ढकलून देतो आणि त्याच वेळी तितकेच इलेक्ट्रॉन दुसऱ्या पत्र्यावरून ओढून घेतो. एका पत्र्यावर जितकी गर्दी होते तितकीच दुसऱ्यावर वाण पडते. त्यामुळे धारित्राच्या अलीकडच्या तारेत प्रवाहमापक लावला काय किंवा पलीकडच्या तारेत लावला काय, दोहोंतही सारखाच प्रवाह दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, वीज धारित्रातून पार गेली. वस्तुतः ती पार गेलेली नसते. एका बाजूला साठलेली आणि दुसऱ्या बाजूला उणावलेली असते.

हा साठा मात्र फुकट होत नाही. पत्र्यावर आधीच येऊन बसलेले इलेक्ट्रॉन नव्याने येणाऱ्यांना दूर लोटतात. आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात पहिले उतारू सहज शिरत, दारात उभे राहिलेले मग पुढच्यांना आत येऊ देत नसत, तशातलाच हा प्रकार. शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर धारित्रात जसजसा भार साठतो, तसतसा त्याचा स्वतःचा दाब वाढतो, आणि तो घटाच्या दाबाच्या विरुद्ध असतो. रोधकाच्या वाट्याला उरतो तो या दोन दाबांतील फरक. फरक कमी झाला की प्रवाह कमी, प्रवाह कमी झाला की साठण्याची गती कमी, गती कमी झाली की फरकही अधिकाधिक हळू कमी होणार. एखाद्या कर्जदाराने दर महिन्याला ठराविक रक्कम न देता उरलेल्या कर्जाचा ठराविक हिस्सा फेडण्याचे ठरवावे, म्हणजे आरंभी भराभर फिटणारे कर्ज शेवटी शेवटी रेंगाळत राहते आणि हिशेबाच्या वहीतून पूर्णपणे कधीच निघून जात नाही. या मंडलातील प्रवाहाची रीत नेमकी तीच आहे.

उदाहरणासाठी ९ व्होल्टांचा घट, एक लाख ओहमचा रोधक आणि १०० मायक्रोफॅराडचे धारित्र घ्यावे. या वस्तू रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतात. मंडल जोडले त्या क्षणी धारित्र रिकामे असते, म्हणून घटाचे पुरे ९ व्होल्ट रोधकावर पडतात आणि प्रवाह असतो ९० मायक्रोअँपिअर. दहा सेकंदांनी तो ३३ वर येतो. वीस सेकंदांनी १२, तिसाव्या सेकंदाला साडेचार, आणि पन्नासाव्या सेकंदाला तो एकाहूनही कमी, साध्या मापकाला दिसेल न दिसेल इतका. याच्या उलट धारित्राचा दाब शून्यापासून चढत जातो. दहा सेकंदांनी ५.७ व्होल्ट, वीस सेकंदांनी ७.८, तिसांनी ८.५५. दर दहा सेकंदांत उरलेल्या अंतरापैकी शेकडा ६३ भाग कापला जातो व ३७ शिल्लक राहतो, पुन्हा त्या शिलकीचे शेकडा ३७, पुन्हा त्याचेही.

हे दहा सेकंद आले कोठून, हे पाहण्यासारखे आहे. धारित्र पूर्ण भरले म्हणजे त्यात ९ व्होल्ट गुणिले १०० मायक्रोफॅराड, म्हणजे ९०० मायक्रोकूलंब भार असतो. आरंभीचा प्रवाह ९० मायक्रोअँपिअर, म्हणजे दर सेकंदाला ९० मायक्रोकूलंब. आरंभीचा हाच जोर शेवटपर्यंत टिकला असता, तर धारित्र भरावयास बरोबर दहा सेकंद पुरले असते. तो टिकत नाही, म्हणून दहा सेकंदांत शेकडा ६३ भागच काम होते. रोधाचे ओहम आणि धारकतेचे फॅराड यांचा गुणाकार केला असता उत्तर सेकंदांतच येते. एक लाख गुणिले एक फॅराडचा दहा हजारावा भाग, म्हणजे दहा. या गुणाकाराला त्या मंडलाचा कालांक म्हणतात. विद्यार्थ्यांना हा गुणाकार पाठ असतो. ओहम आणि फॅराड यांच्या संयोगातून वेळ कशी जन्माला येते, याचे आश्चर्य मात्र क्वचितच कोणाला वाटते.

या गुणाकारात एक गोष्ट नाही, आणि पुढील सारी कथा त्या नसलेल्या गोष्टीभोवती फिरते. कालांकात घटाच्या दाबाला स्थान नाही. नऊ व्होल्टांऐवजी अठरा व्होल्टांचा घट लावला तर आरंभीचा प्रवाह दुप्पट, म्हणजे १८० होईल हे खरे. पण धारित्र भरण्यासाठी लागणारा भारही दुप्पट, म्हणजे १,८०० होईल. दुप्पट काम, दुप्पट जोर, वेळ तेवढीच. पाण्याच्या दृष्टांताने हे अधिक स्पष्ट होईल. एका मोठ्या हौदाच्या तळाशी एक बारीक नळी जोडून ती शेजारच्या रिकाम्या पिंपाच्या तळात सोडावी. हौदातील पाणी हातभर उंच असेल तर पिंपात हातभर चढेपर्यंत पाणी येत राहील. प्रथम जोराने, मग पातळ्या जवळ येतील तसे मंद. आता हौदातील पाणी दोन हात उंच केले तर नळीतून पाणी दुप्पट जोराने येईल, परंतु पिंपही आता दोन हात भरावयाचे आहे. 'अर्धे भरले' असे म्हणण्याची वेळ दोन्ही प्रयोगांत एकाच ठोक्याला येईल. ती वेळ बदलावयाची तर नळी रुंद केली पाहिजे किंवा पिंप निमुळते घेतले पाहिजे. हौदाच्या भिंती उंच करून उपयोग नाही. फार उंच केल्या तर पिंपच फुटेल.

भरलेले धारित्र घटापासून सोडवून त्याची दोन टोके रोधकामार्फत जोडली तर हाच खेळ उलट चालतो. प्रवाह उलट दिशेने, ९० पासूनच निघून, त्याच चालीने मंदावत जातो. पण टोके जोडलीच नाहीत तर भार तसाच बसून राहतो. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत आणि दूरचित्रवाणीच्या संचात शेकडो व्होल्टांपर्यंत भरलेली धारित्रे असत. संच बंद केला, प्लगही काढून ठेवला, आणि तरीही आत हात घालणाऱ्या नवशिक्याला जबर धक्का बसे. सावध कारागीर प्रथम रोधकाने धारित्र रिकामे करतो. नुसत्या पेचकसाने टोके टेकविणे ही वाईट खोड आहे. रोध जवळजवळ शून्य झाला म्हणजे कालांकही जवळजवळ शून्य होतो आणि सारा साठा एका ठिणगीत बाहेर पडतो.

आता समुद्राकडे वळावे. खांबांवरून गेलेल्या तारेत संदेशांना काही उशीर होत नव्हता. परंतु गटापर्चाच्या वेष्टनात गुंडाळून पाण्यात टाकलेल्या तारेत तो होऊ लागला, आणि १८५० नंतरच्या दोन-चार वर्षांत तारायंत्रवाल्यांना या प्रकाराने कोडे घातले. मायकेल फॅरडे याने १८५४ साली त्याची उकल सांगितली. त्याने म्हटले त्याचा आशय असा की, ही तार नुसती तार नव्हेच. ती एक लांबच लांब लायडनची बरणी आहे. आतील तांबे हा एक पत्रा, गटापर्चा ही काच, आणि भोवतालचे समुद्राचे पाणी हा दुसरा पत्रा. एका इंचाच्या सोळाव्या भागाएवढ्या जाडीच्या तारेचे शंभर मैल घेतले तर तांब्याचा पृष्ठभाग आठ हजार चौरस फुटांहून अधिक भरतो. एवढे विस्तीर्ण धारित्र भरल्याशिवाय पलीकडच्या टोकाला काही जाणवणार नाही. खांबावरच्या तारेच्या भोवती हवा असते व जमीन दूर असते, म्हणून तिची धारकता नगण्य.

फॅरडेने कारण सांगितले. हिशेब मांडला विल्यम थॉमसन याने, ज्याला पुढे १८९२ साली लॉर्ड केल्व्हिन ही पदवी मिळाली. बेलफास्ट येथे जन्मलेला हा गृहस्थ वयाच्या बाविसाव्या वर्षीच ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाला होता. समुद्री तारेत रोध आणि धारकता ही एकेका ठिकाणी नसून सर्व लांबीभर पसरलेली असतात. थोडा रोधक, थोडे धारित्र, पुन्हा थोडा रोधक, पुन्हा थोडे धारित्र, अशी ती एक न संपणारी साखळी. पहिले धारित्र भरू लागल्यावर दुसऱ्याला मिळणार, दुसऱ्याला मिळाल्यावर तिसऱ्याला. थॉमसनच्या लक्षात आले की, या साखळीचे समीकरण आणि फूर्ये या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली प्रसिद्ध केलेले उष्णतेच्या वहनाचे समीकरण ही एकच आहेत. चुलीत एक टोक ठेवलेल्या लोखंडी सळईची ऊब दुसऱ्या टोकाला ज्या रीतीने पोहोचते, हळूच, पसरत पसरत, नक्की केव्हा पोहोचली हे सांगता येऊ नये अशी, त्याच रीतीने समुद्री तारेतून संदेश पोहोचतो.

यातून एक कठोर नियम निघाला. तार दुप्पट लांब केली तर तिचा एकूण रोध दुप्पट होतो आणि एकूण धारकताही दुप्पट होते. दोहोंचा गुणाकार चौपट. म्हणजे उशीर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, २०० मैलांच्या तारेत सेकंदाचा दहावा भाग उशीर होत असेल, तर तशाच जाडीच्या २,००० मैलांच्या तारेत तो दहापट नव्हे, शंभरपट, म्हणजे दहा सेकंद होईल. थॉमसनने १८५५ साली हे प्रसिद्ध केले व उपायही सुचविला. तांबे जाड घ्यावे, म्हणजे रोध उतरेल; वेष्टन जाड करावे, म्हणजे दोन पत्र्यांतील अंतर वाढून धारकता उतरेल. नळी रुंद, पिंप निमुळते. अर्थातच खर्च मोठा.

अटलांटिक तार कंपनीचा विद्युत्तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हा ब्रायटनचा शल्यवैद्य. हौसेने विजेचा अभ्यास करून त्याने पुष्कळ प्रयोग केले होते, आणि प्रयोग करणारा माणूस म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. थॉमसनचा वर्गाचा नियम त्याला मान्य नव्हता. १८५६ साली या दोघांचा उघड वाद झाला. व्हाइटहाउसचे म्हणणे असे की, प्रत्यक्ष तारांवर घेतलेली मापे तो नियम दाखवीत नाहीत, आणि जाड तारेची काही गरज नाही. दाब वाढविला म्हणजे झाले. हे म्हणणे सर्वस्वी पोकळ नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. पलीकडचे यंत्र जाड बुद्धीचे असेल, म्हणजे अमुक इतका प्रवाह आल्याशिवाय हलत नसेल, तर दाब वाढविल्यावर तेवढा प्रवाह लवकर येतो आणि संदेश जणू लवकर पोहोचला असे दिसते. पण एक टिचकी पोहोचविणे म्हणजे संदेश पोहोचविणे नव्हे. पहिल्या टिचकीचा भार तारेतून ओसरल्याशिवाय दुसरी टिचकी वेगळी ओळखू येत नाही, आणि ओसरण्याची चाल कालांकावर ठरते. दाब दुप्पट केला तर मागे उरणारा गाळही दुप्पट. पुढचे अक्षर मागच्या अक्षराच्या अंगावर येते आणि सारी ओळ एका डागासारखी होते.

थॉमसनचा सल्ला पदरात पडण्यापूर्वीच तारेची मागणी नोंदवून झाली होती. तिच्यात सागरी मैलाला १०७ पौंड तांबे व २६१ पौंड गटापर्चा एवढाच माल होता. शिवाय ती घाईने तयार झाली. काही भाग उन्हात पडून गटापर्चा मऊ झाला आणि तांब्याची तार मध्यभागातून सरकली. १८५७ चा प्रयत्न तार तुटून फसला. पुढच्या वर्षी ॲगॅमेम्नॉन व नायगारा या दोन जहाजांनी भर समुद्रात टोके जोडून, एकाने पूर्वेची व दुसऱ्याने पश्चिमेची वाट धरली, आणि ५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंडमधील व्हॅलेन्शिया व न्यूफाउंडलंड ही दोन टोके एका तारेने जोडली गेली. थॉमसन स्वतः ॲगॅमेम्नॉनवर होता. न्यूयॉर्कमध्ये उत्सवाच्या दारूकामाने नगरभवनाच्या घुमटालाच आग लागली, इतका लोकांना आनंद झाला.

तार किनाऱ्याला लागल्यावर व्हाइटहाउसने आपली पाच पाच फूट लांबीची प्रेरण वेटोळी तिला जोडली. त्यांचा दाब सुमारे २,००० व्होल्ट असावा असा अंदाज पुढे सांगण्यात आला. त्याची स्वतःची ग्रहणयंत्रे तरीही नीट चालेनात. जे काही वाचले गेले ते थॉमसनच्या आरशाच्या यंत्रावर. एका नखाएवढ्या आरशाच्या पाठीला चिमुकले लोहचुंबक चिकटवून तो रेशमाच्या धाग्याने वेटोळ्यात टांगावयाचा व त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका भिंतीवरच्या पट्टीवर पाहावयाचा, अशी त्या यंत्राची योजना. प्रवाहाची अत्यल्प चाहूल लागताच ठिपका सरके. पिंप भरण्याची वाट पाहण्याऐवजी तळाशी पहिली ओल दिसताच ओळखावे, असा हा मार्ग. त्याला मोठा दाब लागत नाही. थोडे साधे घट पुरतात.

परंतु तोपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते. तारेच्या सदोष वेष्टनात जेथे जेथे कच्चे स्थळ होते, तेथे मोठ्या दाबाने वीज समुद्रात घुसू लागली. संदेश पुसट होत गेले. कॅनडातील दोन ब्रिटिश पलटणींना, ज्यांना हिंदुस्थानातील १८५७ च्या उठावामुळे परत बोलाविण्यात आले होते, 'येऊ नका' असा निरोप या तारेने वेळेवर दिला आणि सुमारे ५०,००० पौंडांचा खर्च वाचविला. ही तिची सर्वांत मोठी कमाई. १ सप्टेंबर रोजी न्यूयॉर्कमध्ये या उद्योगाचा प्रवर्तक सायरस फील्ड याची मिरवणूक निघाली, आणि त्याच दिवशी तार कामातून गेली. ऑक्टोबरच्या अखेरीस तिची शेवटची धुगधुगीही थांबली. तार मुळातच इतकी दुबळी होती की ती फार काळ टिकली नसती असे मत पुढे अनेकांनी दिले आहे, आणि ते खरे असण्याचा संभव आहे. परंतु दुबळ्या रोग्याला जबर मात्रा देणाऱ्या वैद्याची त्यातून सुटका होत नाही. समुद्री तारांच्या एकूण प्रश्नावर सरकार व कंपनी यांची संयुक्त चौकशी बसली, व तिचा अहवाल १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढची तार थॉमसनच्या हिशेबाने झाली. सागरी मैलाला ३०० पौंड तांबे, ४०० पौंड गटापर्चा. तांबेही निवडून घेतलेले, कारण बाजारात शुद्ध म्हणून मिळणाऱ्या तांब्यांच्या रोधात जवळजवळ दुपटीचा फरक असतो हे थॉमसनने मोजून दाखविले होते, आणि डोळ्याला ती तांबी एकसारखीच दिसत. ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजाने २७ जुलै १८६६ रोजी ही तार न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याला लावली. आरंभीच मिनिटाला सुमारे आठ शब्द जाऊ लागले. राणीचे ९८ शब्द या तारेतून बारा-तेरा मिनिटांत गेले असते. आदल्या वर्षी समुद्रात तुटलेली तारही उचलून पुरी करण्यात आली, आणि तारा दोन झाल्या. तेव्हा लॅटिमर क्लार्क याने व्हॅलेन्शियात एक गंमत केली. त्याने न्यूफाउंडलंडला त्या दोन तारांची टोके एकमेकींना जोडवून घेतली, म्हणजे जाऊन-येऊन ३,७०० मैलांची वाट झाली. मग शिवणकामाच्या चांदीच्या टोपणात थोडे आम्ल घालून, त्यात जस्ताचा तुकडा बुडवून एक घट केला, आणि त्या अंगुस्तानातील विजेने महासागर दोनदा ओलांडून संदेश परत मिळविला. दोन हजार व्होल्टांनी जे साधले नाही, ते जेमतेम एका व्होल्टाने साधले.

मुंबईला ही विद्या लवकरच पोहोचली. तेच ग्रेट ईस्टर्न जहाज १८७० च्या आरंभी मुंबईस आले आणि त्याने मुंबईहून एडनपर्यंत तार टाकली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुंबई व लंडन यांचे समुद्रमार्गे बोलणे सुरू झाले. ही वाट एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर अशा मुक्कामांची होती, आणि प्रत्येक मुक्कामावर तारबाबू संदेश वाचून पुढच्या तारेवर नव्याने वाजवीत. भूगोलामुळे पडलेले हे तुकडे वर्गाच्या नियमामुळे लाभदायक ठरले. एका लांब तारेचे चार सारखे भाग केले तर एकेका भागाचा उशीर चौथा हिस्सा नव्हे, सोळावा हिस्सा होतो; चारही भागांचा मिळून चौथा हिस्सा. बाबूचा हात जो वेळ घेई तो वेगळा.

आज महासागरांच्या तळाशी काचेचे तंतू आहेत आणि त्यांतून प्रकाश जातो, म्हणून तेथे हा प्रश्न उरलेला नाही. तो नखाएवढ्या जागेत जाऊन बसला आहे. संगणकाच्या व भ्रमणध्वनीच्या चिपेत ट्रान्झिस्टरांना जोडणाऱ्या तारा केसाच्या शेकडो पट बारीक असतात. बारीक म्हणून त्यांचा रोध मोठा, आणि एकमेकींना खेटून म्हणून त्यांची धारकताही मोठी. ट्रान्झिस्टर कितीही चपळ केला तरी तारेचा कालांक त्याला थोपवून धरतो. १९९७ साली आयबीएम कंपनीने या तारांसाठी ॲल्युमिनियमऐवजी तांबे वापरण्याची कृती जाहीर केली, कारण तांब्याचा रोध कमी. मधल्या निरोधकाच्या जागी धारकता उतरविणारे नवे पदार्थ आले. आणि ज्या तारा फार लांब पडतात, म्हणजे काही मिलिमीटर, त्यांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याच्या शेवटी संकेत नव्याने उभा करणारी ट्रान्झिस्टरांची छोटी जोडी बसवितात. एडनच्या मुक्कामावर तारबाबू जे काम किल्लीने करी, तेच ही जोडी सेकंदाला अब्जावधी वेळा करते.